आधी पाणी लिही, मग डास

पोरी, हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीच्या डासांची यादी करायला निघालीस, चांगलं काम आहे. हिवताप विभागात कीटक समाहारक म्हणून माझी हयात गेली, त्यातलं कामाचं तेवढं सांगतो. वहीतला पहिला रकाना डासाच्या नावाचा नको, पाण्याचा कर. उन्हातलं की सावलीतलं, स्वच्छ की घाण, झाकलेलं की उघडं, साचून किती दिवस झाले, सगळं लिही. मादी अंडी घालायला पाणी पारखून घेते. पाणी नीट लिहिलंस की निम्मी ओळख तिथंच पटते.

पाणी काढायला डाव दोन ठेव. एक नाली-डबक्याचा, दुसरा घरातल्या रांजण-टाकीचा. गटारातला डाव पिण्याच्या पाण्यात बुडवलास तर घरची बाई पुन्हा उंबरा ओलांडू देणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल. पाण्याजवळ सूर्याकडे तोंड करून जा; अंगाची सावली पडली की अळ्या बुडी मारतात. मारलीच तर जरा गप्प उभी राहा, श्वास घ्यायला वर येतात. डाव तिरपा धरून काठाकाठानं पाणी घे आणि पांढऱ्या ताटलीत ओत.

आता नीट बघ. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडली असेल तर ॲनाफिलीस. शेपटाकडची नळी वर लावून डोकं खाली लोंबकळत असेल तर क्युलेक्स किंवा एडिस. क्युलेक्सची नळी लांब नि बारीक, एडिसची आखूड नि जाड. एडिसची अळी टॉर्चच्या उजेडाला बिचकते आणि नागमोडी वळत तळ गाठते.

कयाधू नदीला पावसाळ्यानंतर जा. धार बारीक झाली की पात्रात जी स्वच्छ, उन्हातली डबकी उरतात, जनावरांच्या खुरांच्या खळग्यांत जे पाणी राहतं, हळदीला पाणी देताना पाटाच्या कडेला जे साचतं, तिथं ॲनाफिलीस क्युलिसिफेसीस शोध. गावाकडच्या हिवतापाचा मुख्य वाहक तोच. विहिरी आणि सिमेंटच्या टाक्या ॲनाफिलीस स्टिफेन्सीसाठी तपास. सांडपाण्याची नाली आणि संडासाची टाकी क्युलेक्स क्विंकेफॅसिएटसची. या डासाची अंडी पाण्यावर एकत्र चिकटून तरंगतात, काजळीचा कण पडल्यासारखी.

घरातले रांजण, माठ, कूलर, दारातलं टायर म्हणजे एडिस इजिप्ती, डेंगूवाला. पायांवर पांढरे पट्टे असतात नि दिवसा चावतो. झाडाची ढोली चुकवू नकोस. तिथं त्याचा भाऊबंद अल्बोपिक्टस सापडतो, त्याच्या पाठीवर मधोमध एकच चंदेरी रेघ असते. एडिस अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या वरच्या ओल्या कडेला चिकटवतो, आणि ती कोरडी पडूनही महिनोन् महिने जगतात. म्हणून रांजण नुसता उपसून भागत नाही. ‘कोरडा दिवस’ पाळायचा तर आतली कड काथ्यानं खसाखसा घासावी लागते, हे घरोघरी सांग.

परतवारी एकादशीला नरसीत वारकऱ्यांची दाटी होते, आणि नेमका तेव्हा पाऊस असतो. यात्रा उठली की चहाचे कप, द्रोण, नारळाच्या करवंट्या मागं राहतात. अंड्यापासून डास व्हायला या हवेत आठ-दहा दिवस लागतात. तेव्हा यात्रेनंतरच्या आठवड्यातच फेरी मार. उशीर केलास तर अळ्या उडून गेलेल्या असतील.

अळीवरून गट कळतो, जात पक्की करायला डास हातात लागतो. म्हणून थोड्या अळ्या त्यांच्याच पाण्यात ठेव, भांड्यावर मच्छरदाणीचा कपडा बांध. कोष झाला की दोनेक दिवसांत डास निघतो. मिशा झुपकेदार असल्या तर नर. पंखाला बोट लावू नकोस. खवले झडले की ठिपके गेले, आणि ठिपके गेले की ओळख गेली. चिठ्ठी पेन्सिलीनं लिही, स्पिरिटमध्ये शाई विरघळते. 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले, तो डासही अळीपासून वाढवलेलाच होता. रॉसना त्या डासाचं शास्त्रीय नाव ठाऊक नव्हतं, पण पंखावर ठिपके आहेत हे त्यांनी टिपून ठेवलं, आणि त्यावरूनच तो ॲनाफिलीस हे पुढं कळलं. तेव्हा नाव अडलं तर अडू दे, वर्णन सोडू नकोस. क्युलिसिफेसीसच्या तर पाच जुळ्या जाती आहेत, डोळ्यांनी त्या वेगळ्या होत नाहीत. तिथं ‘क्युलिसिफेसीस गट’ एवढंच लिही.

अळी मिळाली नाही तेही लिही. ‘नऊ रांजण पाहिले, एकातही नाही’ ही नोंदच असते. ती नसेल तर घरांचा आणि भांड्यांचा निर्देशांक काढणार कशावरून?

गप्पी मासे विहिरीत, हौदात सोडायला सांग, नदीत नको; बाहेरून आणलेला मासा आहे, तिथल्या माशांच्या मुळावर येतो. नालीसाठी शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचं उदाहरण दे. घरोघरी शोषखड्डे करून त्या गावानं नाल्यांतलं सांडपाणी जमिनीत जिरवलं.

आणि यादीची एक प्रत ग्रामपंचायतीला दे, सोप्या मराठीत, गल्लीवार. लॅटिन नावं विद्यापीठाला लागतील. सरपंचाला एवढंच हवं असतं की कोणत्या गल्लीतलं कोणतं पाणी या आठवड्यात काढायचं.