घराचा आराखडा आणि संगणक : कोलकात्यातील दोन कट्ठ्यांचा धडा

कोलकात्यात जमीन कट्ठ्यात मोजली जाते. एक कट्ठा म्हणजे ७२० चौरस फूट. महाराष्ट्रातील १,०८९ चौरस फुटांच्या गुंठ्याच्या सुमारे दोन तृतीयांश. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाने दोन कट्ठे जमीन घेतली, तर त्याच्या हाती सुमारे १३४ चौरस मीटरचा भूखंड येतो. त्यावर उभे राहणारे घर ही बहुधा त्या कुटुंबाची आयुष्यातील सर्वांत मोठी गुंतवणूक असते. आराखड्यातील चूक कागदावर दुरुस्त करण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तीच चूक विटांमध्ये उतरली की भिंत पाडण्याचा आणि पुन्हा बांधण्याचा, असा दुहेरी खर्च सोसावा लागतो. गृहरचनेच्या संगणक प्रणालींचे आर्थिक महत्त्व या फरकात आहे.

१९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले, तेव्हा असे साधन व्यावसायिकांपुरतेच मर्यादित होते. २००६ पासून उपलब्ध असलेल्या ‘स्वीट होम थ्री-डी’सारख्या विनामूल्य प्रणालींमुळे ते सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले. मात्र प्रणाली रेषा सरळ काढते. माप खरे आहे की नाही, हे तिला कळत नाही.

मोजणी आधी, रेषा नंतर

आराखड्याची सुरुवात पडद्यावर नव्हे, जागेवर व्हावी. खरेदीखतातील क्षेत्रफळावर विसंबून न राहता भूखंडाच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण फितीने मोजावेत. ९ मीटर रुंद व १४.८६ मीटर लांब काटकोनी भूखंडाचे दोन्ही कर्ण सुमारे १७.३७ मीटर भरतात. ते परस्परांशी जुळत नसतील, तर भूखंड काटकोनी नाही, हे निश्चित समजावे. अशा वेळी पडद्यावर आयत ओढण्याऐवजी प्रत्यक्ष मापांचा चौकोन काढावा. फूट व मीटर यांची सरमिसळ टाळण्यासाठी एकच एकक आरंभी निवडावे.

भिंतीलाही जागा लागते

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे भिंत ही एक रेषा मानणे. वरील भूखंडात दोन्ही बाजूंना प्रत्येकी १.२ मीटर सामासिक अंतर सोडले, असे उदाहरणादाखल मानू. बांधकामाला ६.६ मीटर रुंदी उरते. शेजारी-शेजारी दोन खोल्या काढल्या, तर प्रत्येकी ३.३ मीटर मिळतील, असे वाटते. परंतु बाहेरच्या दोन भिंती प्रत्येकी २५ सेंटीमीटर आणि मधली साडेबारा सेंटीमीटर धरल्यास खोलीची रुंदी गिलाव्यापूर्वीच तीन मीटरच्या किंचित खाली येते. दोन मीटर लांबीचा पलंग आणि समोर ६० सेंटीमीटर खोलीचे कपाट ठेवल्यावर मध्ये जेमतेम ४० सेंटीमीटर उरतात. तेवढ्या जागेत कपाटाचे दार पुरते उघडणार नाही. म्हणून भिंतीची जाडी प्रथम नोंदवावी, सामान खऱ्या मापाने मांडावे आणि प्रत्येक दार उघडून पाहावे.

जिन्याचा हिशेबही असाच करावा. मजल्याची उंची तीन मीटर आणि पायरीची उंची १९ सेंटीमीटरच्या आत ठेवायची, तर १६ चढ लागतात. दोन टप्प्यांच्या जिन्यात प्रत्येक टप्प्याला २५ सेंटीमीटर रुंदीच्या सात पायऱ्या येतात. एक मीटर रुंदीचे टप्पे व दोन्ही टोकांच्या चौथऱ्या धरून जिना सुमारे साडेसात चौरस मीटर जागा व्यापतो. ती जागा शेवटी ‘उरेल तिथे’ शोधता येत नाही.

वारा, ऊन आणि पाणी

कोलकात्याच्या जुन्या घरांतील दक्षिणेचा व्हरांडा, आतला चौक आणि झडपांच्या लाकडी खिडक्या यांमागे हवामानाचे ज्ञान आहे. उन्हाळ्यात सुखद वारा दक्षिणेकडून, बंगालच्या उपसागरावरून येतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण व दमट प्रदेशात खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावे. १०.८ चौरस मीटरच्या खोलीला १.८ चौरस मीटर, म्हणजे १.२ मीटर रुंद व १.५ मीटर उंच खिडकी पुरते. वारा खेळता राहण्यासाठी ती दोन भिंतींत विभागणे अधिक हितावह.

प्रणालीत उत्तर दिशा व शहराचे स्थान अचूक नोंदवल्यास उन्हाची दिशा पाहता येते. कोलकाता सुमारे साडेबावीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनअखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. डिसेंबरअखेरीस तो दक्षिणेला केवळ ४४ अंश उंचीवर येतो. पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र आडव्या छज्जाने अडत नाही. तिथे झडपा किंवा उभा आडोसा हवा.

पाण्याचा प्रश्न पडद्यावर दिसत नाही. हुगळीकाठची जमीन तुलनेने उंच असून शहराचा नैसर्गिक उतार पूर्वेच्या पाणथळ प्रदेशाकडे आहे. शेजारच्या भिंतींवरील पावसाळी पाण्याच्या खुणा पाहून, रस्त्याची पातळी मोजून जोत्याची उंची ठरवावी.

संगणकाची मर्यादा

पडद्यावरील घर कधीच खचत नाही. कोलकात्याखालची गाळाची, मऊ चिकणमाती मात्र प्रत्यक्ष भार सोसते. १७ मार्च २०२४ च्या रात्री गार्डन रीच भागात बांधकाम सुरू असलेली अनधिकृत पाच मजली इमारत लगतच्या वस्तीवर कोसळून दहाहून अधिक जणांचा बळी गेला. पाया, खांब व तुळया यांचा निर्णय मातीच्या तपासणीनंतर संरचना अभियंत्यानेच घ्यावा. महानगरपालिकेला सादर करावयाचा नकाशाही परवानाधारक तज्ज्ञाच्या स्वाक्षरीनेच जावा. घरी काढलेला आराखडा त्याला पर्याय नव्हे. तो कुटुंबाच्या गरजा तज्ज्ञापुढे नेमकेपणाने मांडण्याचे साधन आहे.

अखेरीस दोन सवयी उपयुक्त ठरतात. प्रत्येक बदलापूर्वी जुनी प्रत तारखेसह जतन करावी. अंतिम आराखडा एकास शंभर प्रमाणात छापून फूटपट्टीने तपासावा. कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जागेवरचा एक मीटर. त्यानंतर भूखंडावर चुन्याच्या रेषांनी खोल्या आखून कुटुंबातील सर्वांनी, विशेषतः वृद्धांनी आणि स्वयंपाकघरात सर्वाधिक वेळ घालवणाऱ्यांनी, त्यांतून फिरून पाहावे. ज्यांना त्या घरात राहायचे आहे, त्यांच्या सूचना पाया खणण्यापूर्वी मिळाल्या, तर त्यांसाठी एकही वीट पाडावी लागत नाही.