मृगाच्या आधी गोठ्याकडे बघा

ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी त्वचारोग झालेली जनावरे आढळली आणि पुढच्याच महिन्यात राज्यभर जनावरांचे बाजार, वाहतूक, शर्यती बंद झाल्या. त्या साथीचा हिशेब आपण अजूनही किती जनावरे दगावली एवढ्यावरच मांडतो, आणि तो तोकडा आहे. या रोगात मरतुक एरवी दहा टक्क्यांच्या आत धरली जाते. पण वाचलेली गाय आटते, गाभण गाय गाभडते, पाय सुजलेला बैल ऐन कोळपणीत उभा राहत नाही. बाजार बंद, म्हणून दुसरा बैल मिळत नाही आणि एखादी कालवड विकून खताचे पैसेही उभे करता येत नाहीत. रोग गोठ्यातला खरा, पण तूट पडते ती शेतात, दुधाच्या कॅनमध्ये आणि घरातल्या पोरांच्या पेल्यात.

म्हणून लम्पीची लस हे पेरणीपूर्व मशागतीचेच काम समजावे. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड लम्पीचा विषाणू पसरवतात आणि पावसाळ्यात त्यांचेच राज्य असते. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात. मृगाला पाऊस धरला, तर मेच्या मध्यापर्यंत टोचून झालेले बरे. ‘लशीने दूध कमी होते’ ही तक्रार खोटी नाही, पण ती घट थोडी आणि दोन-चार दिवसांची. रोगाने आटलेली गाय मात्र त्या वेतात बहुधा सावरत नाही. ‘टोचलेल्या जनावरालाही लम्पी झाला’ हेही खरे. आपल्याकडे बहुतांशी शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली. तिने रोग सौम्य होतो, प्रत्येक वेळी टळतोच असे नाही. शिवाय अंगात रोग मुरत असताना टोचले आणि नंतर गाठी आल्या, तर दोष लशीचा नव्हे. वासरांकडे मात्र आपले हमखास दुर्लक्ष होते. लस न घेतलेल्या आणि रोगही न झालेल्या गाईच्या वासराला आईकडून संरक्षण मिळत नाही. त्याला कधी टोचायचे ते डॉक्टरांना विचारा. प्रत्येक जनावराला नवी सुई वापरा, असा आग्रह धरायला लाजू नका. नवे जनावर आणले तर 28 दिवस वेगळे बांधा, गव्हाणीच्या फटीतले गोचीड काढा, शेणाचा ढीग गोठ्यापासून लांब हलवा. लम्पी माणसाला होत नाही, त्यामुळे उकळलेले दूध टाकून देऊ नका. अंगावर गाठी दिसल्या, तर ते जनावर बाजारात न नेता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.