हलके पॅनेल मार किती सोसते?

वसई किल्ल्याला लागून असलेल्या पाचूबंदरला मासळीचा धंदा बर्फावर चालतो. बर्फाच्या पेट्या, होडीतले मासळीचे खण, टेम्पोची बंद बॉडी, शीतगृहाच्या भिंती या कामांत आता सँडविच पॅनेल सर्रास वापरतात. दोन बाजूंना फायबरचे किंवा पत्र्याचे पातळ थर आणि मधोमध पफचा फोम. गिऱ्हाईक भाव विचारते, बर्फ किती वेळ टिकेल तेही विचारते. मार किती सोसेल हे मात्र क्वचितच विचारते, आणि पेटी निकामी होते ती बहुधा मारानेच.

आधी हिशेब पाहू. ४ मि.मी. जाडीच्या भरीव फायबरचे वजन चौरस मीटरला सुमारे ६ किलो. हाच माल २-२ मि.मी.च्या दोन थरांत विभागून मध्ये ४ मि.मी. फोम भरला, तर वजन जेमतेम १६० ग्रॅमने वाढते आणि वाकण्याविरुद्धचा ताठपणा सातपट होतो. सँडविचची सारी करामत यातच आहे. पण फसगतही इथेच होते. बर्फ फोडायच्या सळईचे टोक जिथे बसते, तिथे तिला अडवायला फक्त २ मि.मी.चा थर असतो. थराची जाडी निम्मी झाली की त्याचा स्वतःचा ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे सबंध पॅनेल ताठ, पण कातडी नाजूक.

मार बसल्यावर पत्रा पोचतो आणि पोच डोळ्यांना दिसतो. फायबर तसे नाही. ते दबून परत उसळते, वरून ठीक दिसते. खाली मात्र फोम चिरडलेला असतो आणि थर सुटलेला असतो. चिरडलेला फोम पुन्हा वर येत नाही. मग बारीक चिरेतून पाणी शिरते. ५० मि.मी. जाडीच्या एक चौरस मीटर पॅनेलमध्ये ५० लिटरची जागा असते. त्यातली निम्मी पाण्याने भरली, तर २५ किलो वजन फुकट वाढते आणि बर्फ लवकर वितळतो तो वेगळाच.

फोमऐवजी ॲल्युमिनियमच्या पोळ्याचा गाभाही वापरतात. त्याचे षट्कोनी घर चुरगळताना धक्का गिळून टाकते. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानाच्या पायांत असेच चुरगळणारे पोळे बसवलेले होते. पण ते एकदाच कामाचे. शिवाय खाऱ्या पाण्यात पोलादी स्क्रूला चिकटलेले ॲल्युमिनियम खाल्ले जाते. तेव्हा बंदरावरच्या कामाला फोमच बरा.

परीक्षा वर्कशॉपमध्येच करता येते. पॅनेलचा तुकडा चौकटीवर ठेवा. सिमेंटच्या जमिनीवर नको, कारण तिथे तो लवचू शकत नाही आणि निकाल चुकतो. एक किलोचा लोखंडी गोळा एक मीटरवरून सोडला की सुमारे १० ज्यूलचा मार बसतो, दोन मीटरवरून २०. गोळा झाला की तेवढ्याच वजनाचे टोकदार हत्यार त्याच उंचीवरून सोडून पाहा. आकडा तोच, पण भोक पडेल. नंतर नाण्याने ठोकत जा. खणखणीत आवाज असेल तर थर पकडून आहे, बद्द आवाज आला तर सुटला आहे. खात्रीसाठी तुकडा करवतीने मधोमध कापा.

सुधारणा कशी करावी? दोन्ही थर सारखेच ठेवायचा हट्ट सोडा. मार तळाला आणि कडांना बसतो, तिथे मॅटवर विणलेल्या रोव्हिंगचा जादा थर द्या. बिजागरी आणि बोल्टखाली फोम काढून मरीन प्लायचा तुकडा बसवा. स्वस्तात पडते म्हणून पॉलिएस्टर रेझिनखाली थर्माकोल मात्र भरू नका. रेझिनमधला स्टायरीन थर्माकोल विरघळवतो आणि आत पोकळी राहते. असा ऐब नवा माल हाती घेताना दिसत नाही, पहिल्याच आपटण्यात उघडा पडतो.

दुरुस्तीला आलेल्या पेटीवर नुसता पॅच मारून पैसे घेणारे पुष्कळ आहेत. ओला फोम आतच राहिला तर तो पॅच पुन्हा सुटतो. कोरडा फोम लागेपर्यंत खरवडून काढा, नवा भरा, जुन्या थराची कड त्याच्या जाडीच्या बारा पट रुंद उतरती घासा आणि मगच नवी मॅट चढवा. मजुरी जास्त पडेल, ती काम सुरू करण्याआधीच सांगून घ्यावी.