थंड पाण्यातला खरा शत्रू

१६ डिसेंबर १९६२. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील आल्काट्राझ बेटावरच्या तुरुंगातून जॉन पॉल स्कॉट नावाचा कैदी निसटला. रबरी हातमोजे फुगवून त्याने तरंगण्याचे साधन तयार केले होते. बेटापासून शहराचा किनारा सुमारे २ कि. मी. अंतरावर आहे. पण स्कॉट सापडला तो ४ कि. मी.हून दूर, गोल्डन गेट पुलाजवळच्या फोर्ट पॉइंट येथील खडकांवर. आणि तोही गारठून अर्धमेल्या अवस्थेत. या पाण्यात नरभक्षक शार्क आहेत, अशी त्या तुरुंगाची ख्याती होती. स्कॉटला मात्र कोणत्याही शार्कने स्पर्श केला नव्हता. मग त्याची अशी दशा कोणी केली?

पाणी थंड का?

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे एक थंड सागरी प्रवाह वाहतो. शिवाय वसंत ऋतूत व उन्हाळ्यात वायव्येकडील वाऱ्यांमुळे पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याची जागा खोलातील थंड पाणी घेते. म्हणून उपसागराच्या मुखाजवळ पाण्याचे तापमान वर्षभर साधारणपणे १० ते १७ अंश सेल्सिअस असते. आपल्या कोकणचा समुद्र हिवाळ्यातही २५ अंशांच्या आसपास असतो.

तुम्ही म्हणाल, पुण्याला थंडीत पहाटे १२ अंश तापमान असते. तेव्हा तर एक शाल पुरते! पण १२ अंशांची हवा आणि १२ अंशांचे पाणी यांत मोठा फरक आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक सुलभतेने उष्णता वाहून नेते. त्याची विशिष्ट उष्णताही मोठी असल्याने आपल्या अंगाच्या उष्णतेने ते सहजासहजी तापत नाही. ३७ अंशांचे शरीर या पाण्यात आपली उष्णता झपाट्याने गमावू लागते.

तीन टप्पे

पहिला टप्पा पहिल्या एक-दोन मिनिटांचा. गार पाण्याचा स्पर्श होताच माणूस एकदम मोठा श्वास घेतो आणि त्याला धाप लागते. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे; ती इच्छेने थांबवता येत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसांत शिरते. चांगले पोहणारेही अशा वेळी बुडतात.

दुसरा टप्पा पुढील दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंतचा. हृदय, मेंदू इत्यादी अवयवांची ऊब टिकावी म्हणून त्वचेतील व हातापायांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. स्नायू थंड पडतात, बोटे वळत नाहीत आणि हात मारण्याची शक्ती जाते.

तिसरा टप्पा साधारण अर्ध्या तासानंतर येतो. शरीराच्या आतील तापमान ३५ अंशांच्या खाली उतरते. बोलणे अडखळते, विचार गोंधळतात आणि शेवटी शुद्ध हरपते.

पाण्यातील रहिवासी

याच पाण्यात सील व समुद्रसिंह सुखाने राहतात. त्वचेखालील चरबीचा जाड थर हे त्यांचे पांघरूण. उपसागरात ठिपकेवाला बिबट्या शार्कही पुष्कळ आढळतो. तो खेकडे, किडे व लहान मासे खातो. पांढरा शार्क प्रामुख्याने बाहेरच्या समुद्रात असतो. आत क्वचितच येतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये आल्काट्राझजवळ तो सीलची शिकार करताना दिसला होता.

समुद्रसिंहाला मात्र अंतर द्यावे. नराचे वजन ३०० किलोग्रॅमपेक्षा अधिक भरते. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅक्वॅटिक पार्क येथे समुद्रसिंहाने पोहणाऱ्यांना चावे घेतल्यामुळे तेथील पोहणे काही दिवस बंद ठेवावे लागले. तरीही असे प्रसंग विरळा. थंडी मात्र पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकालाच गाठते.

प्रवाहाचे गणित

थंडीचा एक जोडीदार आहे. तो म्हणजे ओहोटी. एवढ्या विस्तीर्ण उपसागराचे पाणी गोल्डन गेटच्या अरुंद तोंडातून बाहेर पडते, तेव्हा तेथे प्रवाहाचा वेग ताशी ८ कि. मी.पर्यंत जातो. समजा, एक जण ताशी ३ कि. मी. वेगाने २ कि. मी. रुंदीचे पाणी सरळ ओलांडत आहे. त्याला ४० मिनिटे लागतील. आडवा प्रवाह ताशी ४.५ कि. मी. असेल, तर तेवढ्या वेळात तो ३ कि. मी. बाजूला वाहून जाईल! स्कॉट फोर्ट पॉइंटला का पोहोचला, हे आता ध्यानात येईल. म्हणून जाणकार भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून, प्रवाह मंदावण्याच्या वेळीच निघतात.

जाणत्यांची रीत

याच किनाऱ्यावर १८७७ साली स्थापन झालेल्या डॉल्फिन क्लबचे सभासद आजही या पाण्यात पोहतात. थंड पाण्यात थोडा थोडा वेळ वारंवार उतरल्याने पहिल्या टप्प्यातील धाप कमी होत जाते. जाणते पोहणारे पुढील गोष्टी पाळतात:

१. एकट्याने पोहू नये. डोक्यावर भडक रंगाची टोपी घालावी.
२. पाण्यात उडी न मारता हळूहळू उतरावे. अचानक पडल्यास आधी तरंगत राहून श्वास आवरावा. मग हात मारावेत.
३. कुडकुडण्याची वाट न पाहता बाहेर यावे.
४. बाहेर आल्यावरही काही मिनिटे शरीराच्या आतील तापमान उतरतच राहते. म्हणून लगेच ओले कपडे काढावेत, कोरडे घालावेत आणि गोड, ऊन पेय घ्यावे. फार गारठलेल्याला आडवे ठेवावे. त्याचे हातपाय चोळू नयेत, त्याला कढत पाण्याने अंघोळ घालू नये आणि डॉक्टरांना बोलवावे.

आपल्या किनाऱ्यावर थंडीचे भय नाही. पण खाडीच्या तोंडाशी ओहोटीचा ओढ तसाच असतो आणि उधाणाच्या दिवशी तो अधिकच वाढतो. तेथील कोळीबांधवांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका.

करून पाहा

बादलीभर पाणी रात्रभर खोलीत ठेवा, म्हणजे पाण्याचे व हवेचे तापमान जवळपास सारखे होईल. सकाळी दोन सारख्या स्टीलच्या पेल्यांत ५० अंशांचे पाणी समान घ्या. एक पेला टेबलावर ठेवा. दुसरा काठ वर राहील असा बादलीतील पाण्यात धरा. दर दोन मिनिटांनी दोन्हींचे तापमान नोंदवून आलेख काढा. दोन रेषांमधले अंतर पाहिले की स्कॉटला कोणी गाठले, हे निराळे सांगावे लागणार नाही.