योशित्सुने खरोखरच निसटला काय?

जपानच्या इतिहासात मिनामोतो योशित्सुने या सेनानीइतका लोकांचा लाडका पराभूत दुसरा क्वचितच आढळेल. 1185 मध्ये दान्नोउराच्या सागरी युद्धात त्याने ताइरा घराण्याचा निःपात केला. परंतु ज्या थोरल्या भावासाठी, योरितोमोसाठी, हा विजय मिळविला तोच त्याच्या जिवावर उठला. उत्तरेकडील हिराइझुमी येथे योशित्सुनेने आश्रय घेतला. 1189 मध्ये तेथील अधिपती फुजिवारा यासुहिरा याने योरितोमोच्या धाकाने त्याच्या निवासावर हल्ला चढविला, तेव्हा त्याने आत्महत्या केली. दंतकथा मात्र सांगते, की तो निसटला, एझो बेटावर, म्हणजे आजच्या होक्काइदोला पोहोचला आणि पुढे मंगोलियात जाऊन चंगीझ खान झाला!

आता पुरावा तपासू. शीर मद्यात बुडवून कामाकुराकडे पाठविण्यात आले आणि 43 दिवसांनी कोशिगोए येथे त्याची ओळख पटविण्यात आली, असे ‘आझुमा कागामी’ हा ग्रंथ सांगतो. ऐन उन्हाळ्यात इतक्या दिवसांनी चेहरा ओळखू येईल काय, हा दंतकथेच्या समर्थकांचा आवडता प्रश्न. प्रश्न रास्त आहे. शिवाय हा ग्रंथ शंभरएक वर्षांनी, विजेत्यांच्याच छत्राखाली रचला गेला, हेही विसरता येत नाही. परंतु क्योतोतील दरबारी कुजो कानेझाने याच्या समकालीन दैनंदिनीतही या मृत्यूची नोंद आहे. ती वार्ता योरितोमोच्या माणसाकडूनच आली होती हे खरे. तरी ओळखीविषयी शंका असणे वेगळे आणि पलायनाचा पुरावा असणे वेगळे. तसा पुरावा एकही नाही.

चंगीझ खानाची गोष्ट तर क्षणभरही टिकत नाही. त्याचे वडील येसुगेइ, आई होएलुन, त्याचे हलाखीचे बालपण, हे सारे ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथात आले आहे.

मग ही कथा जगली कशी? दुर्दैवी वीराविषयीच्या कळवळ्याला जपानीत ‘होगान-बिइकी’ असा खास शब्दच आहे. परंतु निव्वळ कळवळ्याने कथा समुद्र ओलांडत नाही. 1879 मध्ये सुएमात्सु केंचो याने चंगीझ खानाचे मत लंडनमध्ये मांडले. 1924 मध्ये ओयाबे झेनइचिरो याचे त्याच विषयावरील पुस्तक हातोहात खपले. किंदाइची क्योसुके यांच्यासारख्या विद्वानांनी त्याचे खंडन केले, पण खप थांबला नाही. अवघ्या आठ वर्षांत मांचुरियात जपानने आपले बाहुले राज्य उभे केले. आशियाचा जेता जपानीच होता, हे ऐकणे त्या काळात कोणाला आवडले नसते?

आम्हांला याहून बोचते ते एझोमधील प्रकरण. तेथील मूळ रहिवासी ऐनू लोकांच्या कथांत ओकिकुरुमी हा वीर माणसांना जगण्याच्या विद्या शिकवतो. जपान्यांनी ठरविले, की हा योशित्सुनेच! 1799 च्या सुमारास शोगुनशाहीचा अधिकारी कोंदो जुझो याने ऐनूंच्या बिरातोरी येथे योशित्सुनेची मूर्ती दिली. पुढे त्या समाजाची जमीन गेली, भाषा गेली. पण त्याच्या वीराचे नाव त्याआधीच बदलले गेले होते. बिरातोरीत योशित्सुनेचे देवस्थान आजही आहे.