‘गहाळ’ म्हणून सही करू नकोस

अगं, हाताला नुसतं खरचटलंय हे ऐकून जीव भांड्यात पडला. सिम बंद केलंस, बँकेला कळवून यूपीआय थांबवलंस, हेही बरं झालं. पण पोलीस ठाण्यातून आणलेल्या कागदाचा जो फोटो पाठवलास, तो मी नीट वाचला. त्यात लिहिलंय, ‘स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभी असताना माझा मोबाईल गहाळ झाला.’ मोटारसायकलवरच्या दोघांनी तो तुझ्या हातातून ओढून नेला, हे त्यात कुठे आहे? त्या कागदावर चोरच नाहीत, मग शोधायचं कोणाला?

‘ताई, असं लिहिलं की काम लवकर होतं म्हणाले,’ असं तू सांगितलंस. होणारच लवकर, कारण पुढे कोणाला काही करायचंच नाही! या कागदावर तुला नवं सिम मिळेल, सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय नंबर टाकून फोन बंदही करून घेता येईल. पण गहाळची नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. तिच्यावर तपास होत नाही, रिक्षा स्टँडसमोरच्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज कोणी मागायला जात नाही. फोनचा विमा असेल तर चोरीच्या दाव्याला विमा कंपनीही बहुतेक वेळा एफआयआरच मागते.

ते असं का करतात, हेही समजून घे, म्हणजे तिथे जाऊन उगाच भडकणार नाहीस. समोर बसलेला ठाणे अंमलदार बरेचदा बंदोबस्त करून थकलेला असतो. गुन्हा दाखल केला की तपास आला, कागदपत्रं आली, आणि आढावा बैठकीत ‘तुमच्या हद्दीत गुन्हे का वाढले?’ हा प्रश्नही आला. वरचे लोक आकडा बघतात, म्हणून खालचे आकडा आवरतात. त्याची अडचण खरी असेल, पण ती तू तुझ्या सहीने सोडवायची नाहीस.

आता कायदा ऐक. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिचं १७३ कलम लक्षात ठेव. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की ती नोंदवायची, असं ते सांगतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच हे बजावलंय. आणि हातातून हिसकावून नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३०४ कलमाखाली वेगळा, दखलपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. म्हणून ‘हिसकावून नेला’ हे स्पष्ट लिहायचं. फोनची किंमतही लिही. साध्या चोरीत माल पाच हजारांच्या आतला असेल तर ती आता अदखलपात्र धरतात.

तिथे काय काय ऐकायला मिळेल, तेही सांगते. एक, ‘स्टेशनबाहेर झालं ना, मग रेल्वे पोलिसांकडे जा.’ रेल्वेवाले म्हणतील, शहर पोलिसांकडे जा. गुन्हा कोणाच्याही हद्दीत घडलेला असो, पहिल्या ठाण्याने तो ‘झिरो’ नंबरने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. हद्दीचा गुंता त्यांनी आपसांत सोडवावा.

दोन, ‘अर्ज देऊन जा, चौकशीवर ठेवतो.’ तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात अशी प्राथमिक चौकशी करता येते, हे खरं. पण त्याला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि ती चौदा दिवसांत संपवावी लागते. तेव्हा शांतपणे विचार, ‘परवानगी कोणाची आणि कोणत्या तारखेची?’

तीन, ‘एनसी करून देतो.’ एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, तिच्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. शिवीगाळीला ती ठीक, तुझ्या प्रकरणाला नाही.

चौथं वाक्य तुला नाही, पण तुझ्या एखाद्या मैत्रिणीला ऐकावं लागेल: ‘घरचं भांडण आहे, मिटवून घ्या.’ पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये समुपदेशन जरूर घ्यावं, पण नवऱ्याने डोकं फोडलं असेल तर समुपदेशन हा गुन्हा नोंदवण्याला पर्याय नाही. बलात्कार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांत तर माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. ती नोंदवून घ्यायचं नाकारणाऱ्या अधिकाऱ्यालाच न्याय संहितेच्या १९९ कलमाखाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते.

मग करायचं काय? आज रात्रीच सगळं लिहून काढ. तारीख, वेळ, जागा, दोघांचे कपडे, गाडीचा रंग, नंबरातले आठवतील तेवढे आकडे, आयएमईआय. कालच्या नोंदीत ‘गहाळ’ असं चुकीचं लिहिलं गेलं, तेही लिही. पण रागाच्या भरात एक अक्षर वाढवू नकोस. चाकू नव्हता तर चाकू दाखवला असं लिहायचं नाही. खोटं उघडं पडलं की खऱ्यावरचाही विश्वास जातो, शिवाय खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. अर्जाच्या दोन प्रती ने, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घे. उशीर का झाला हा प्रश्न उद्या कोर्टात निघाला, तर हीच पोच तुझ्या बाजूने बोलेल.

ठाणे अंमलदार ऐकत नसेल तर वरिष्ठ निरीक्षकांना भेट. तिथेही नकार आला तर तोच मजकूर स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठव, मुंबईत परिमंडळाच्या उपायुक्तांना. पावती फेकू नकोस. तरीही हलले नाहीत, तर दंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या १७५ कलमाखाली. तिथे ठाणं आणि अधीक्षक या दोन पायऱ्या चढल्याचा पुरावा दाखवावा लागतो, म्हणून तर पोच आणि पावतीसाठी एवढी मागे लागते आहे. वकिलाच्या फीची चिंता नको. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं किंवा १५१०० वर फोन करायचा.

एकटी जाऊ नकोस, शेजारच्या काकूंना घेऊन जा. दुसरं माणूस सोबत असलं की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो. फिर्याद लिहून झाली की वाचून दाखवायला सांग, ते त्यांचं कामच आहे. ‘गहाळ’, ‘हरवला’, ‘पडला’ यातलं काही दिसलं तर दुरुस्त होईपर्यंत पेन उचलू नकोस. एफआयआरची प्रत फुकट मिळते, गुन्हा रजिस्टर नंबर लगेच टिपून ठेव.

फोन परत मिळेलच असं मी सांगणार नाही. कदाचित काही महिन्यांनी ‘अ समरी’ होईल, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडले नाहीत. तरीही तो खरा म्हणून दप्तरी राहतो. असे चोरटे एका फोनवर थांबत नाहीत. उद्या कुठे पोतंभर फोनांसह पकडले गेले, तर ज्या फोनांचे गुन्हे दाखल आहेत तेवढेच त्यांच्या डोक्यावर चढतील. बाकीचे सगळे कागदोपत्री आपणहून हरवलेले!

आता जेवून घे आणि लिहायला बस. सकाळी निघण्याआधी काकूंच्या फोनवरून मला वाचून दाखव.