डक्टखालचं फॉल सीलिंग

मुखेडच्या आमच्या कापड दुकानाच्या बेसमेंटमध्ये साड्यांचा सेक्शन आहे. स्लॅब साडेनऊ फुटांवर, पण मधून एसीचा पत्र्याचा डक्ट गेलेला. त्याचा तळ फरशीपासून जेमतेम आठ फूट एक इंच. पीओपीवाला म्हणाला, "मालक, सगळं डक्टच्या खालून एका लेव्हलला घेऊ. भारी दिसंल."

दिसतं भारी, पण दुकान बसकं होतं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत एसीच्या खोलीला डक्टच्या किंवा फॉल सीलिंगच्या तळापर्यंत किमान 2.4 मीटर उंची सांगितली आहे, म्हणजे आठ फुटांना दीड इंच कमी. सीलिंगच्या सांगाड्याचे पत्र्याचे सेक्शन आणि साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड यांतच दीड-दोन इंच जातात. म्हणून डक्टपुरतीच पेटी खाली घेतली, बाकी सीलिंग वर ठेवलं. अशी पेटी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग न्यावी. मध्येच तोडली की ठिगळ दिसतं.

पावसाळ्यात पेटीच्या पोटाला तपकिरी डाग धरला. जो तो म्हणे, स्लॅब गळतोय. मला पटेना. वर दुकानच आहे, पाणी येणार कुठून? शिवाय एसी बंद असला की डाग वाढत नसे. बोर्ड कापला. कारागिराने चॅनलची तार स्लॅबला न बांधता डक्टलाच स्क्रू मारून अडकवली होती. स्क्रूपाशी डक्टवरचा काळा नायट्राइल फोम फाटलेला आणि उघड्या गार पत्र्यावर थेंबांची रांग. भादव्यातल्या दमट हवेला एवढीशी फट पुरते.

तेव्हा सीलिंगचा भार स्लॅबवरच घ्या. फोमचे सांधे टेपने नीट बंद आहेत का, हे बोर्ड चढायच्या आधी स्वतः हात फिरवून बघा. एसीच्या ड्रेन पाइपमध्ये बादलीभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय याची खात्री करा. डक्टमधली हवा कमी-जास्त करणाऱ्या डँपरखाली उघडतं झाकण मागाच. पीओपीवाले नाकं मुरडतील, फिनिशिंग बिघडतं म्हणून. दुकान लहान असेल तर मी म्हणेन, पेटीच नको. फोम तसाच ठेवून डक्ट आणि स्लॅब एकाच गडद रंगात रंगवा.

आणि काम उन्हाळ्यात केलंत, तर थोडे पैसे पावसाळ्यापर्यंत अडकवून ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात डक्टला घाम फुटत नाही. तो फुटेल तेव्हा कारागीर उदगीरला नाहीतर देगलूरला दुसऱ्या कामावर असतो.